दूत सरकारचा, दूत समाजाचा

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात सुलतानपूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पन्नास वर्षे हा माणसाच्या आयुष्यातील मोठा काळ आहे. संस्थेच्या आयुष्यात मात्र तो जेमतेम दोन पिढ्यांचा होतो. पहिली पिढी उभारते, दुसरी सांभाळते. खरी परीक्षा तिसऱ्या पिढीची असते, कारण तिला उभारल्याचा आनंदही मिळत नाही आणि सांभाळल्याचे श्रेयही मिळत नाही. तिला स्वतःचे प्रयोजन स्वतःच शोधावे लागते. सुवर्णमहोत्सवात मागे वळून पाहणे उचितच आहे. परंतु संयोजकांनी मला ‘आंतरराष्ट्रीय आदानप्रदान आणि आपला समाज’ हा विषय दिला, त्याअर्थी त्यांच्या मनात पुढील पन्नास वर्षांचा विचार असावा असे मी समजतो.

विषय ऐकून काहींना वाटले असेल, सुलतानपूरचा आणि परराष्ट्र व्यवहाराचा संबंध काय? संबंध अगदी जवळचा आहे. आपले गाव लोणारच्या वाटेवर आहे. १८२३ साली सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने लोणारच्या विवराची नोंद केली, तेव्हापासून देशोदेशीचे अभ्यासक या वाटेने येत आहेत. बेसॉल्ट खडकात उल्काघाताने झालेले एवढे मोठे विवर जगात दुर्मीळ, म्हणून चंद्रावरील विवरांचा अभ्यास करणारेही येथे आले. २०२० साली लोणार सरोवर ‘रामसर’ या आंतरराष्ट्रीय पाणथळ स्थळांच्या यादीत गेले. म्हणजे जग आपल्या दारावरून जात आलेले आहे. प्रश्न एवढाच आहे की ते आपल्या घरात किती वेळा आले? गाडी थांबली, पाणी विचारले, रस्ता विचारला आणि गाडी पुढे गेली, असेच बहुतेक वेळा झाले. आजचे माझे बोलणे या दार आणि घर यांच्यामधील अंतराविषयी आहे.

दूत कोणाला म्हणावे?

राजदूत सरकार नेमते. त्याच्याजवळ अधिकारपत्र असते आणि तो राष्ट्राच्या हिताचे बोलतो. ते काम आवश्यकच आहे. पण दुसऱ्या महायुद्धानंतर जगाच्या ध्यानात आले की सरकारांनी सरकारांशी कितीही करार केले, तरी सामान्य माणसाच्या मनात दुसऱ्या देशाविषयी भय असेल तर ते करार कागदावरच राहतात. ११ सप्टेंबर १९५६ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी एक परिषद बोलावली आणि नागरिकांनी नागरिकांशी थेट संबंध जोडावेत असा विचार मांडला. त्यातूनच जगातील शहरांना भगिनी-शहरे करण्याच्या चळवळीला संस्थेचे रूप आले. आपल्या महाराष्ट्रातही मुंबईचे जपानमधील योकोहामाशी १९६५ साली आणि पुण्याचे अमेरिकेतील सॅन होजेशी १९९२ साली असे नाते जुळले.

याच सुमारास विद्यार्थ्यांच्या आदानप्रदानाच्या संस्थाही वाढल्या. त्यांपैकी एका प्रसिद्ध संस्थेचा इतिहास मनात ठेवण्यासारखा आहे. पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांना रणांगणावरून उचलून आणणाऱ्या अमेरिकन रुग्णवाहिका-चालकांची ती संघटना. दुसऱ्या महायुद्धातही तिने तेच काम केले. युद्ध संपल्यावर या चालकांनी विचार केला, की जखमी माणसे उचलण्यापेक्षा माणसे जखमी होऊच नयेत यासाठी काही करता येईल काय? १९४७ पासून त्यांनी शाळकरी मुलांना एक वर्षासाठी दुसऱ्या देशातील कुटुंबात राहावयास पाठविणे सुरू केले. ‘ए. एफ. एस.’ या नावाने ती संस्था आज ओळखली जाते. रोटरीचाही असाच कार्यक्रम आहे, आणि आपल्या विदर्भातील शहरांत रोटरीच्या कुटुंबांत राहिलेली परदेशी मुले आपल्यापैकी काहींनी पाहिलीही असतील.

आपल्या परंपरेतील पहिला नागरिक-दूत

मघाशी ११ सप्टेंबर ही तारीख सांगितली. त्रेसष्ट वर्षांपूर्वी, ११ सप्टेंबर १८९३ रोजी, शिकागो येथे सर्वधर्म परिषद सुरू झाली. स्वामी विवेकानंदांमुळे ती परिषद घरोघरी ठाऊक आहे. त्याच व्यासपीठावर काठेवाडी पगडी घातलेला २९ वर्षांचा एक जैन युवक होता, वीरचंद राघवजी गांधी. त्यांना कोणत्याही सरकारने पाठविले नव्हते. निमंत्रण होते आचार्य विजयानंदसूरी, म्हणजेच आत्मारामजी महाराज यांना. साध्वाचारानुसार महाराजांना वाहनाने समुद्रापलीकडे जाणे शक्य नव्हते, म्हणून त्यांनी वीरचंदभाईंना तयार करून पाठविले.

येथे एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. महाराजांनी व्रत मोडले नाही आणि निमंत्रणही नाकारले नाही. साधूने आपली मर्यादा पाळली आणि श्रावकाने आपली जबाबदारी उचलली. पुढे १९८० साली आचार्य तुलसी यांनी समण श्रेणी स्थापन केली, तिच्यामागेही हाच पेच होता. आचार सांभाळावा आणि जगापर्यंतही पोचावे, यासाठी त्यांनी प्रवासाची मोकळीक असलेली एक वेगळी श्रेणी निर्माण केली. परंपरा आणि प्रवास यांची गाठ घालता येते, हे आपल्याच पूर्वसूरींनी दाखवून दिले आहे.

वीरचंदभाई त्यावेळी ‘जैन असोसिएशन ऑफ इंडिया’चे मानद चिटणीस होते. परदेशी जाण्याआधीच त्यांनी देशात दोन मोठी कामे केली होती. पालिताण्याला यात्रेकरूंवर जो कर बसविला जात होता, त्याचा प्रश्न त्यांनी पत्रव्यवहाराने आणि समेटाने सोडविला. माणशी कराऐवजी वार्षिक ठोक रक्कम ठरली. सम्मेदशिखरजीच्या परिसरात डुकरांची चरबी काढण्याचा कारखाना निघाला होता, त्याविरुद्धचा दावा लढविण्यासाठी ते कलकत्त्यास जाऊन राहिले आणि जुनी कागदपत्रे वाचता यावीत म्हणून बंगाली भाषा शिकले. दूत होण्याची पूर्वतयारी म्हणतात ती ही. ज्याच्याशी बोलायचे त्याची भाषा आधी शिकावी लागते.

शिकागोत एका वक्त्याने हिंदू मंदिरांतील स्त्रियांविषयी अनुदार उद्गार काढले, तेव्हा त्यास उत्तर देण्यास वीरचंदभाई उभे राहिले. ते जैन प्रतिनिधी होते. टीका हिंदूंवर झाली होती. ‘माझा काय संबंध’ असे म्हणून ते बसून राहू शकले असते. ते बसले नाहीत, म्हणून तेथील वृत्तपत्रांनी त्यांच्याकडे एका पंथाचा प्रचारक म्हणून न पाहता एका देशाचा सभ्य माणूस म्हणून पाहिले.

त्यांच्या चरित्रकारांनी आणखी दोन गोष्टी नोंदविल्या आहेत. भारतीय स्त्रियांच्या शिक्षणासाठी त्यांनी अमेरिकेत एक मंडळ स्थापन केले आणि त्याद्वारे काही भारतीय स्त्रियांना तेथे शिकण्याची संधी मिळाली. आज आपण ज्याला आदानप्रदान कार्यक्रम म्हणतो, त्याचेच हे शंभरहून अधिक वर्षांपूर्वीचे रूप. दुसरी गोष्ट, १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी अमेरिकेत मदत समिती उभारून मक्याने भरलेले जहाज आणि सुमारे ४० हजार रुपये भारतात पाठविले. मैत्री आधी जोडली होती, म्हणून संकटात हाक मारता आली. संकट आल्यावर मैत्री शोधायला निघणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

आणि त्यांचे स्वागत आपल्याकडे कसे झाले? समुद्रपर्यटन केले म्हणून समाजातील काहींनी त्यांच्याविरुद्ध रान उठविले. १९०१ साली, वयाची ३७ वर्षेही पुरी होण्याआधी, ते मुंबईत निवर्तले. टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले ते २००२ साली. समाजाला आपला दूत ओळखायला एक शतक लागले, हे सुवर्णमहोत्सवाच्या मांडवात बसून आपण लक्षात ठेवावे.

विदर्भाची आणि महाराष्ट्राची साक्ष

असे काम केवळ धर्माच्याच क्षेत्रात होते असे नाही. १९३८ साली जपानी आक्रमणाखाली होरपळणाऱ्या चीनला राष्ट्रीय सभेने पाच डॉक्टरांचे पथक पाठविले. त्यावेळी आपला देश पारतंत्र्यात होता. आपले स्वतःचे परराष्ट्र खातेच नव्हते. तरीही लोकांनी वर्गणी जमवून हे पथक पाठविले. त्यांत सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते आणि आपल्या नागपूरचे डॉ. चोळकरही होते. डॉ. कोटणीस परत आलेच नाहीत. रुग्णसेवा करता करता ९ डिसेंबर १९४२ रोजी तिकडेच त्यांचा अंत झाला. वय अवघे ३२. त्यानंतर भारत आणि चीन यांच्यात १९६२ चे युद्ध झाले, सीमेवर पुढेही रक्त सांडले. पण चीनमध्ये डॉ. कोटणीसांचे नाव आदराने घेणे थांबले नाही. सरकारांचे संबंध ऋतूंसारखे बदलतात. अशा माणसांनी जोडलेले संबंध विहिरीच्या झऱ्यासारखे असतात. वरची जमीन तापली तरी ते आत वाहत राहतात.

ज्या १९६२ साली हे युद्ध झाले, त्याच वर्षी आपल्या परंपरेशी नाते असलेला आणखी एक प्रवास सुरू झाला. राजस्थानातील श्रीडूंगरगढचे सतीश कुमार नऊ वर्षांचे असताना तेरापंथात दीक्षित झाले होते. अठराव्या वर्षी त्यांनी मुनिवेश सोडला आणि ते विनोबांच्या भूदान कार्यात आले. अण्वस्त्रांविरुद्ध जगाला काही सांगावे म्हणून १ जून १९६२ रोजी ते आणि केरळचे ई. पी. मेनन दिल्लीत गांधीजींच्या समाधीपासून पायी निघाले. विनोबांनी त्यांना दोन अटी सांगितल्या होत्या : बरोबर पैसा घ्यायचा नाही आणि शाकाहार सोडायचा नाही. पैसा नसला म्हणजे रोज संध्याकाळी कोणाचे तरी दार ठोठवावे लागते आणि शाकाहारी असले म्हणजे ‘का’ या प्रश्नाचे उत्तर रोज द्यावे लागते. संवादाची याहून उत्तम युक्ती कोणती?

पाकिस्तानच्या सीमेवर एक स्नेही त्यांना शिदोरी देऊ लागला. शत्रूच्या मुलखात कोण जेवू घालणार, ही त्याची काळजी. सतीश कुमारांनी ती शिदोरी घेतली नाही. ते अन्न नसून अविश्वास आहे, असे त्यांना वाटले. सीमेपलीकडे पाऊल टाकताच त्यांच्याविषयी ऐकून थांबलेला एक पाकिस्तानी गृहस्थ त्यांना आपल्या घरी न्यायला उभा होता. पुढे अफगाणिस्तान, इराण, मॉस्को, पॅरिस, लंडन आणि अखेर वॉशिंग्टन. सोव्हिएत देशातील चहाच्या कारखान्यात काम करणाऱ्या स्त्रियांनी त्यांना चहाच्या पुड्या दिल्या. अण्वस्त्रधारी चार देशांच्या नेत्यांसाठी एकेक. कळ दाबण्याचा विचार मनात आलाच तर क्षणभर थांबा आणि हा चहा घ्या, असा त्या बायांचा निरोप होता. सुमारे आठ हजार मैलांचा हा प्रवास म्हणजे साधूंच्या विहाराचेच एक लौकिक रूप म्हणावे लागेल. आपण चातुर्मासानंतर महाराजांना वेशीपर्यंत पोचवायला जातो. विहार हे केवळ चालणे नसते, ते रोज नव्या माणसाच्या दारी जाणे असते, हे या दोन तरुणांनी जगाला दाखविले.

जैन समाजाचे आजचे आदानप्रदान

आता अगदी अलीकडचे सांगतो. २००५ साली दिल्लीत जैन अध्ययनासाठी एक आंतरराष्ट्रीय ग्रीष्मकालीन शाळा सुरू झाली. अमेरिका, कॅनडा आणि इतर देशांतील विद्यापीठांचे विद्यार्थी व अध्यापक उन्हाळी सुटीत भारतात येतात. सकाळी तत्त्वज्ञानाचे आणि इतिहासाचे पाठ घेतात, तीर्थक्षेत्रे पाहतात, साधू-साध्वींना प्रश्न विचारतात आणि जैन कुटुंबांचा दिनक्रम जवळून पाहतात. यापूर्वीही परदेशी विद्वान आले होते. हर्मन याकोबी १८७३-७४ साली हस्तलिखितांच्या शोधात आले आणि त्यांनी केलेली आगमांची इंग्रजी भाषांतरे १८८४ आणि १८९५ साली प्रसिद्ध झाली. जैन धर्म ही बौद्ध धर्माची शाखा नसून स्वतंत्र व प्राचीन परंपरा आहे, हे पाश्चात्त्य विद्वानांना पटले त्यात त्यांचा वाटा मोठा आहे. जर्मन विदुषी शार्लोट क्राउझे १९२५ साली आल्या त्या इथल्याच झाल्या. सुभद्रादेवी या नावाने त्यांनी उर्वरित आयुष्य भारतात घालविले. परंतु पूर्वी एखादा याकोबी यायचा, आता दरवर्षी तरुणांचा गट येतो, हा फरक आहे. ग्रंथातील जैन धर्म त्यांना ग्रंथालयात मिळतोच. तो जगणारी माणसे मात्र ग्रंथालयात मिळत नाहीत, म्हणून ते येतात.

दुसरे उदाहरण जयपूरचे. भगवान महावीर विकलांग सहायता समिती १९७५ साली स्थापन झाली. ‘जयपूर फूट’ नावाचा कृत्रिम पाय ती गरजूंना विनामूल्य बसविते. हे काम पुढे परदेशांतही गेले. युद्धात, सुरुंगाच्या स्फोटात पाय गमावलेल्या अफगाणिस्तानातील माणसांपर्यंत भगवान महावीरांचे नाव पोचले ते प्रवचनातून नव्हे, तर पुन्हा उभे राहता आल्याच्या आनंदातून. २०१८ पासून भारत सरकारच्या परराष्ट्र मंत्रालयानेही या शिबिरांना साथ दिली. नागरिकाने आधी वाट पाडायची आणि सरकारने मागून यायचे, असे कधी कधी घडते ते असे.

आणि आपलीच मुले? अमेरिका-कॅनडातील जैन संघांचा महासंघ ‘जैना’ १९८१ साली स्थापन झाला. आपल्या जिल्ह्यातील किती घरांतील मुलेमुली शिक्षणासाठी पुण्याला गेली, तेथून परदेशी गेली, हे मोजायला वेळ लागणार नाही. या सभागृहातच हात वर करायला सांगितले तरी कळेल. त्यांची मुले तिकडच्या पाठशाळेत नवकार शिकतात. पण आजोबांचे गाव त्यांना छायाचित्रातूनच ठाऊक असते. ही मुलेही एका अर्थाने आपल्यासाठी परदेशी पाहुणेच होत आहेत, आणि ते आपण मान्य केले पाहिजे.

पाहुणा शिकतो, त्याहून यजमान शिकतो

आदानप्रदान म्हणजे नेमके काय घडते? पाहुणा घरी येतो. पहिल्या दोन दिवसांत सारे गोड असते. तिसऱ्या दिवशी तो विचारतो, तुम्ही सूर्यास्तापूर्वी का जेवता? पाणी उकळून का पिता? बटाटा का नाही? दुधाविषयी तुमचा विचार काय? मंदिरात पूजा करणारे आणि स्थानकात सामायिक करणारे एकाच धर्माचे कसे? आपल्या घरातील पंधरा वर्षांची मुलगी आईकडे पाहते, आई आजीकडे पाहते. आजीला आचार ठाऊक असतो, कारण सांगता येत नाही. मुलीला इंग्रजी येते, कारण ठाऊक नसते. मग तिघी बसतात, कधी महाराजांना विचारतात, कधी पुस्तक काढतात. पाहुण्याच्या एका प्रश्नाने तीन पिढ्या एका चटईवर येतात. पाठशाळेच्या वर्षभराच्या पाठांनी जे होत नाही, ते एका जिज्ञासू पाहुण्याने पंधरा दिवसांत होते.

आणखीही एक घडते. पाहुणा विचारतो, तुम्ही मुंगी वाचविता, पण शेतमजुराला दिवसाची मजुरी किती देता? तुमचा अपरिग्रह आणि तुमचे लग्नसमारंभ यांचा मेळ कसा? असा प्रश्न टोचतो. परंतु अनेकान्त म्हणजे दुसऱ्याच्या जागी उभे राहून आपल्याकडे पाहण्याचे धैर्य. सत्याला अनेक बाजू असतात असे आपण म्हणतो, तेव्हा आपली पाठ कशी दिसते हे सांगणारा माणूसही आपल्याला लागतो. स्वतःची पाठ स्वतःला दिसत नाही.

दूरचा शेजारी आणि जवळचा शेजारी

येथे एक अवघड गोष्ट बोलावीशी वाटते. आपल्या शेजारच्या वाशिम जिल्ह्यात शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथांचे मंदिर आहे. सगळ्या विदर्भाची ही श्रद्धाभूमी. श्वेतांबर आणि दिगंबर यांच्या वादात १९८१ साली त्या मंदिराला कुलूप लागले. ते उघडले २०२३ साली, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने. बेचाळीस वर्षे! कोणाची बाजू खरी, हे सांगण्याची ही जागा नाही आणि तो माझा अधिकारही नाही. मी एवढेच म्हणतो, की जगाला अनेकान्त शिकविणाऱ्या समाजातील एक पिढी त्या देवाचे दर्शन न घेता मोठी झाली, आणि दरवाजा उघडण्यासाठी आपल्याला न्यायालयात जावे लागले.

म्हणून परदेशी पाहुणा येण्याआधी, किंवा निदान त्याच्याबरोबरच, आणखी एक आदानप्रदान झाले पाहिजे. श्वेतांबर घरातील मुलाने पर्युषणातील एक दिवस दिगंबर घरी राहावे, दिगंबर घरातील मुलाने श्वेतांबर घरी राहावे. आपल्या पाठशाळेतील मुलांनी गावातील शेतकऱ्याच्या, बौद्ध बांधवाच्या, मुस्लिम बांधवाच्या घरी एक दिवस घालवावा आणि त्यांच्या मुलांनी आपल्या घरी. आहाराचे नियम पाळून हे होते. सतीश कुमारांचे आठ हजार मैल झाले. क्षमापनेच्या दिवशी आपण एकमेकांना ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणतो. ज्यांच्याशी वर्षभर बोलणे झाले नाही, त्यांना ते म्हणावयाचे राहून जाते, आणि खरे तर ते त्यांनाच म्हणावयाचे असते.

विश्वस्त मंडळापुढे एक प्रस्ताव

केवळ बोलून थांबणे योग्य नाही. पन्नासाव्या वर्षात विश्वस्त मंडळाने तीन लहान कामे हाती घ्यावीत, अशी माझी नम्र विनंती आहे.

पहिले काम जवळचे. वर मांडलेले आदानप्रदान याच चातुर्मासात पाच-दहा घरांपासून सुरू व्हावे. यास पैसा लागत नाही.

दुसरे काम, आपल्या पाठशाळेतील मुलांची आणि परदेशी असलेल्या आपल्याच कुटुंबांतील मुलांची जोडी लावावी. महिन्यातून एक पत्र. ते ई-मेलने गेले तरी चालेल, पण त्यात गावाची एक गोष्ट असावी. विहिरीचे पाणी, सोयाबीनचा भाव, लोणारचे सरोवर २०२० च्या जूनमध्ये गुलाबी का झाले, काहीही. वर्षअखेर निवडक पत्रांची पुस्तिका काढावी.

तिसरे काम, वर्षातून एकदा दोन अभ्यासू परदेशी पाहुण्यांना पंधरा दिवस आपल्या घरांत उतरवावे. त्यांनी लोणार पाहावे, दैत्यसूदनाचे मंदिर पाहावे, सामायिक पाहावे आणि शेतही पाहावे. याची नियमावली आहे, ती आधी समजून घ्यावी. परदेशी पाहुणा उतरल्यापासून २४ तासांच्या आत त्याची नोंद परकीय नागरिक नोंदणी कार्यालयाकडे करणे यजमानावर बंधनकारक आहे. धर्मशाळेलाही आणि घरालाही. पाहुण्याने प्रेमाने देणगी देऊ केली तर परकीय देणगीविषयक २०१० च्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय ट्रस्टला ती स्वीकारता येत नाही. तेव्हा देणगी नको, पाहुणाच हवा, हे आरंभीच ठरवावे. ट्रस्टच्या घटनेतील उद्दिष्टांत हे काम बसते की नाही, हेही सल्लागारांकडून पाहून घ्यावे. मुलामुलींच्या सुरक्षिततेची जबाबदारी एका नेमलेल्या व्यक्तीकडे असावी. हे सारे कागद दोन दिवसांचे आहेत. मन तयार असणे हाच खरा वेळखाऊ भाग आहे.

कोणी म्हणेल, हा पैसा सभागृहाचा वरचा मजला बांधायला वापरू. बांधावा, अवश्य बांधावा. पण त्या मजल्यावर बसणार कोण, हा विचारही सोबत व्हावा. शहराकडे गेलेली मुले इमारतीसाठी परत येत नाहीत. परत येण्यासारखे काही जिवंत चालू असेल तर येतात. ज्या गावात जगातील दोन माणसे दरवर्षी शिकायला येतात, त्या गावातील मुलाला आपले गाव लहान वाटत नाही.

तत्त्वार्थसूत्राने सांगितले आहे की जीवांचे कार्य एकमेकांना उपकारक होण्याचे आहे. ते सूत्र आपल्या जैन प्रतीकाखाली कोरलेले आपण रोज पाहतो. ‘एकमेकांना’ या शब्दात देणाऱ्याइतकाच घेणाराही आहे. आपला समाज देण्यात कधी मागे राहिला नाही. पांजरपोळ, पाणपोई, औषधालये याची साक्ष देतात. आता घेण्याचीही सवय व्हावी. दुसऱ्याचा प्रश्न घ्यावा, दुसऱ्याची भाषा घ्यावी आणि दुसऱ्याच्या नजरेतून आपला धर्म पुन्हा समजून घ्यावा.

वीरचंदभाई बोटीत चढले तेव्हा त्यांना निरोप देणारे थोडे होते आणि विरोध करणारे पुष्कळ होते. पुढचा वीरचंद कदाचित याच पाठशाळेच्या पहिल्या ओळीत बसलेला असेल, किंवा बसलेली असेल. तिला निरोप देणाऱ्यांत आपण सर्वांनी असावे आणि ती परत येईल तेव्हा दारातही आपणच असावे, एवढी अपेक्षा व्यक्त करतो. सुवर्णमहोत्सवाबद्दल ट्रस्टचे हार्दिक अभिनंदन करतो.

जय जिनेंद्र.